मेल सर्व्हरवर दोन व्हायरस स्कॅनर बसवले आणि सोमवारी रांग तुंबली. काय ठेवू, काय काढू?

न्हावाशेवा_नाइटशिफ्ट

मंडळी, लांबलचक लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही उलट दहा प्रश्न विचारणार, म्हणून सगळंच सांगतो.

उरणजवळ एका कस्टम हाउस एजंटच्या ऑफिसात मी एकटाच आयटीवाला. सर्व्हर, सीसीटीव्ही, प्रिंटरचं कार्ट्रिज, शेठच्या मुलीचा लॅपटॉप, सगळं माझ्याच गळ्यात. १३० मेलबॉक्स आहेत. दिवसभर बीएलचे (बिल ऑफ लेडिंग, जहाजावरच्या मालाची पावती) ड्राफ्ट, पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, चेकलिस्ट येतात नि जातात. अनोळखी माणसाने पाठवलेली अटॅचमेंट उघडणं हेच आमच्या लोकांचं काम. "अनोळखी मेल उघडू नका" हे पोस्टर आमच्याकडे लावणं म्हणजे कोळ्याला जाळं टाकू नकोस सांगण्यासारखं आहे.

डेबियन लिनक्स, मेल आणणारा-नेणारा पोस्टफिक्स, मेल सोडवून स्कॅनरपुढे ठेवणारा अमाविस, आणि फुकटचा स्कॅनर क्लॅमएव्ही, म्हणजे आमचा क्लॅम. रॅम ८ जीबी. सहा वर्षं कुरकुर नाही.

दोन महिन्यांपूर्वी "अरायव्हल नोटीस" म्हणून एक मेल आला, सोबत आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एका फाइलीत केलेली प्रत). क्लॅमने सोडला. डॉक्युमेंटेशनच्या ताईंनी डबल क्लिक केलं, आत पीडीएफचं चित्र असलेला शॉर्टकट होता, त्यावरही केलं. पीसी फॉरमॅट, सगळ्यांचे पासवर्ड बदलले, दोन दिवस गेले. शेठ म्हणाले, "एक कुत्रा भुंकला नाही ना? मग दुसरा बांध." त्यातच एका परदेशी कस्टमरचा सिक्युरिटीचा फॉर्म आला. त्यात प्रश्नच होता: मेल एकापेक्षा जास्त इंजिनांनी तपासता का? शेठना मुद्दा मिळाला.

म्हणून एक पैशांचा स्कॅनर घेतला. नाव लिहीत नाही, कारण चूक त्याची की माझी हेच अजून ठरायचंय. शनिवारी बसवला, नेक्स्ट-नेक्स्ट करत. अमाविसच्या स्कॅनर यादीत क्लॅमच्या खाली त्याची कमांडलाइनची ओळ टाकली. रविवारी सगळं गोड. सोमवारी साडेनऊपासून फोन सुरू. पावणेअकराला रांगेत १,८४० मेल. टॉपमध्ये (चालू प्रोग्रॅमांची यादी) बघतो तर नव्या स्कॅनरच्या एकसारख्या दहा प्रोसेस, रॅम संपून डिस्कवरचा स्वॅपही भरलेला, आणि क्लॅमडी, म्हणजे क्लॅमचा सतत चालू राहणारा प्रोग्रॅम, जागेवरच नाही. लॉगमध्ये आधी क्लॅमच्या "फाइल सापडली नाही" अशा तक्रारी, मग अमाविसचं "ऑल व्हायरस स्कॅनर्स फेल्ड", ओळीमागून ओळ. एका कंटेनरचा गेट कट-ऑफ (बंदरात आत घ्यायची शेवटची वेळ) चुकता चुकता राहिला.

नवा स्कॅनर बंद केला, क्लॅम उठवला. तरी रांग रिकामी व्हायला अडीच वाजले.

आता विचारायचं ते असं. दोन स्कॅनर ठेवण्यात मुळात अर्थ आहे का? असला तर दोघांचं एकमत झालं नाही तर कुणाचं ऐकायचं? आणि स्कॅनर आडवा झाला तर मेल अडवायचा की जाऊ द्यायचा? शेठ म्हणतात जाऊ दे. मला झोप लागणार नाही.

---

भजीपाव

मेल क्लाउडवर टाका आणि शांत झोपा. २०२०च्या दशकात स्वतःचा मेल सर्व्हर कोण चालवतं?

---

रांगेतला_म्हातारा

भजीपाव, ज्याला १३० मेलबॉक्सचं बिल दर महिन्याला शेठपुढे ठेवायचंय त्याला विचारा कोण चालवतं ते.

नाइटशिफ्ट, नाशकात बसून २००१पासून हेच काम करतोय, त्यामुळे सोमवारी तुमच्याकडे काय झालं ते मला जवळजवळ दिसतंय. एक नाही, तीन गोष्टी एकावर एक पडल्या.

पहिली. स्कॅनर दोन जातींचे. एक बोलावला की येणारा: अमाविस त्याच्या हातात फाइल देतो, तो "स्वच्छ" किंवा "बाधित" सांगतो आणि गप्प बसतो. दुसरा राखणदार, ज्याला ऑन-अ‍ॅक्सेस म्हणतात. डिस्कवर कुठलीही फाइल उघडली की हा आधी हात घालतो. तुम्ही नेक्स्ट-नेक्स्ट करताना हा राखणदार चालू झालाय, पैज लावतो. अमाविस प्रत्येक मेल आपल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडवून ठेवतो, झिप असेल तर आतल्या फाइली वेगळ्या काढतो, आणि मग क्लॅमला म्हणतो, बघ. तोवर राखणदाराने त्यातली फाइल उचलून स्वतःच्या कोठडीत टाकलेली असते. क्लॅम जातो तर जागा रिकामी. तो "बाधित" म्हणत नाही, "फाइल सापडली नाही" म्हणतो, आणि अमाविसच्या लेखी ही स्कॅनरची बिघाडी ठरते. पुढचं वाचून हसू नका: ज्या मेलमध्ये खरंच व्हायरस होता, नेमका तोच "नंतर बघू" म्हणून रांगेत परत गेला आणि पुन्हा पुन्हा येत राहिला.

दुसरी. कमांडलाइनची ओळ. क्लॅमडी एकदाच सगळ्या सह्या (व्हायरस ओळखायच्या खुणा) मेमरीत घेऊन बसतो, एक जीबीच्या वर जागा खातो, पण एकदाच. कमांडलाइनचा स्कॅनर प्रत्येक मेलला जन्म घेतो, सगळ्या सह्या नव्याने वाचतो, एक मेल बघतो आणि मरतो. दुसऱ्या मेलला पुन्हा पहिल्यापासून. टॉपमध्ये दहा दिसले म्हणजे अमाविसची मुलं, एकाच वेळी मेल तपासणाऱ्या त्याच्या प्रती, तुम्ही दहा ठेवली आहेत. दहा मुलांनी दहा स्कॅनर जन्माला घातले. रविवारी मेल तुरळक, म्हणून गोड. सोमवारी साडेनऊला सगळ्या लाइनरांची, म्हणजे जहाज कंपन्यांची, मेल एकदम.

तिसरी. क्लॅमच्या सह्या ताज्या झाल्या की क्लॅमडी त्या नव्याने भरतो, आणि २०२०च्या ०.१०३ आवृत्तीपासून जुन्या सह्या हातात ठेवूनच नव्या भरतो, म्हणजे तपासणी थांबत नाही. पण तेवढा वेळ मेमरी दुप्पट लागते. तुमच्याकडे जागाच उरली नव्हती. कर्नलने सर्वांत जाडा गडी बघितला आणि मारला. वर मीठ म्हणजे डेबियनमध्ये राखीव स्कॅनरांच्या यादीत क्लॅमस्कॅन असतो, क्लॅमचाच कमांडलाइन भाऊ. मुख्य यादीतले सगळे फेल गेले की अमाविस त्याला बोलावतो. तो प्रत्येकी एक जीबीच्या वर मागतो. आगीत तेल.

मेल एकही हरवला नाही, एवढं समाधान. अमाविसची तशी सेटिंग असली की सगळे स्कॅनर फेल झाल्यावर तो पोस्टफिक्सला तात्पुरता नकार देतो, मेल डिफर्ड रांगेत जातो, आणि पोस्टफिक्स मुळातल्या सेटिंगप्रमाणे पाच दिवस प्रयत्न करत राहतो. दुरुस्ती झाल्यावरही रांग हळू का सरकली, तर दोन प्रयत्नांतलं अंतर ३०० सेकंदांपासून वाढत ४,००० सेकंदांपर्यंत जातं. तासाच्या वर. त्या वेळी घाईने पूर्ण रांग एकदम ढकलली असतीत तर पुन्हा तोच खेळ झाला असता.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन स्कॅनरांना अर्थ आहे का? आहे, पण शेठना वाटतो तो नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी २००८ साली दहा इंजिनं एकत्र लावून बघितली होती. नव्या धोक्यांच्या बाबतीत एकट्या इंजिनापेक्षा ३५ टक्के जास्त पकड मिळाली. खोटं नाही ते. पण ती दहा इंजिनं दहा डोक्यांची होती. बाजारात बऱ्याच डब्यांत दुसऱ्याचंच इंजिन भाड्याने घेतलेलं असतं. दोन वेगळी नावं घ्याल आणि आत एकच कुत्रा दोनदा बांधलेला निघेल. विकणाऱ्याला हे तोंडावर विचारा. आणि दोन्ही सह्यांवरच चालत असतील तर आज सकाळी तयार झालेल्या फाइलीसमोर पहिले काही तास दोघेही आंधळे.

तुमची आयएसओच बघा. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो (फाइलीच्या आतच असणारे छोटे प्रोग्रॅम) मुळातच बंद केले, तेव्हा चोरांनी वाट बदलली. आयएसओ, शॉर्टकट, २०२३च्या सुरुवातीला वननोट. ताईंकडे आला तो माल नेमका या वाटेवरचा. त्याला दुसरं इंजिन हा इलाज म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुमच्या धंद्यात कोण आयएसओ पाठवतं? अमाविसमध्ये नावावरून आणि प्रकारावरून फाइल अडवायची यादी असते. आयएसओ, आयएमजी, व्हीएचडी, एलएनके, जेएस, व्हीबीएस, एचटीए, वन, ईएक्सई, आणि हे सगळं झिपच्या आत असलं तरीही. स्कॅनर लागत नाही, सह्या लागत नाहीत, रॅम लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी ही यादी असती तर आज तुम्ही इथे आलाच नसतात.

आणखी एक बाजू आहे, जी सिक्युरिटीच्या फॉर्मवर कुणी विचारत नाही. स्कॅनर हा स्वतःच एक मोठा प्रोग्रॅम, आणि जगातल्या सगळ्यांत घाणेरड्या फाइली उघडणं हेच त्याचं काम. २०१६मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातल्या टॅव्हिस ऑर्मंडीने सिमँटेकच्या इंजिनात अशा त्रुटी काढून दाखवल्या की नुसता मेल येऊन पडला तरी पुरे, कुणी उघडायचीही गरज नाही. २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंजिनात तसंच. फेब्रुवारी २०२३मध्ये क्लॅमएव्हीत, मॅकच्या एचएफएस प्लस डिस्क-इमेज वाचणाऱ्या भागात. उरणच्या ऑफिसला मॅकची डिस्क-इमेज कोण पाठवणार, पण स्कॅनर ती वाचणारच. म्हणजे कुंपणच शेत खाऊ शकतं, आणि दोन कुंपणं घातली तर दोघांवर नजर ठेवायची. सगळे वेळेवर पॅच झाले, प्रश्न तो नाही. तुम्ही तुमच्याकडे ते पॅच वेळेवर लावता का, प्रश्न तो.

मी स्वतः लावले नव्हते. १५ एप्रिल २०१०. क्लॅमच्या मंडळींनी सहा महिने आधी सांगून ठेवलं होतं की ०.९५च्या आधीच्या आवृत्त्या त्या दिवसापासून चालणार नाहीत, तशी एक खास सहीच सोडणार. मी ते वाचलं होतं. "पुढच्या महिन्यात करू" म्हटलं होतं. त्या दिवशी दुपारी एका कॉलेजच्या परीक्षा विभागाचा मेल बंद पडला, आणि मी नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवर, हातात साधा नोकिया. तेव्हा मला दुसरा स्कॅनर हवाहवासा वाटला होता. म्हणजे दुसऱ्याचा खरा उपयोग तो: पहिला पडला तर दार उघडं राहू नये, आणि बंदही होऊ नये.

पण इथेच एक खाच आहे. मुख्य यादीतल्या दोघांपैकी एक मेला आणि दुसरा "स्वच्छ" म्हणाला, तर अमाविस मेल सोडतो. लॉगमध्ये एक ओळ पडते, ती कोण वाचतं? दोन स्कॅनर असले की एक मेल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून दोघांनाही रोज वेगवेगळं विचारा. आयकारची ६८ अक्षरांची चाचणी फाइल (निरुपद्रवी, पण स्कॅनर मुद्दाम व्हायरस म्हणून धरतात ती) मेलने पाठवून उपयोग नाही, कारण जो जिवंत आहे तो पकडेल आणि तुम्ही खूश व्हाल. क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) एकेकाला थेट द्या. "सापडला" असं उत्तर आलं नाही तर फोनवर मेसेज.

एकमताचं विचारलंत. एकाने जरी बाधित म्हटलं तरी अडवा. फक्त अडवा म्हणजे कोठडीत ठेवा, पुसू नका, आणि पाठवणाऱ्याला "तुम्ही व्हायरस पाठवलात" असं परत कळवूही नका. पत्ता खोटाच असतो. २००४मध्ये मेलने पसरलेल्या मायडूमच्या वेळी माझ्या पेटीत व्हायरसपेक्षा ही कळवाकळवीच जास्त होती.

आणि स्कॅनर आडवा झाला तर? अडवा. तात्पुरता नकार म्हणजे उशीर, नुकसान नव्हे. शेठना सांगा, मेल एक तास उशिरा आला तर कस्टमर ओरडतो, पण ताईंचा पीसी पुन्हा गेला तर दोन दिवस कस्टमरशी बोलायलाच कुणी नाही.

---

डोंबिवली_फास्ट

काकांनी लिहिलं त्याला जोड देते. आमच्याकडे एक्स्चेंज आहे, मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, पण दुखणं तेच. मायक्रोसॉफ्टने फोल्डरांची आणि प्रोसेसची अख्खी यादीच दिलीय की राखणदाराने याला हात लावू नये. डेटाबेस, लॉग, रांग, सगळं. नाइटशिफ्ट दादा, तुम्हीही तशी सूट द्या: अमाविसचं तात्पुरतं फोल्डर, त्याची कोठडी, पोस्टफिक्सचा स्पूल (रांगेचं फोल्डर) आणि मेलबॉक्सचं फोल्डर. कोठडी विसरू नका. नाहीतर अमाविस पुरावा ठेवतो आणि राखणदार तो साफ करतो, मग चुकून अडलेला मेल परत द्यायची वेळ आली की हात हलवत बसा. आणि मेलबॉक्स एका फाइलीत साठवत असाल तर आणखी जपा. एका जुन्या मेलमधल्या व्हायरसपायी माणसाचा अख्खा इनबॉक्स कोठडीत गेलेला मी पाहिलाय. डेस्कटॉपवर थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमचंही तसंच, तिथेही इनबॉक्स म्हणजे एकच लठ्ठ फाइल.

दुसरं, पासवर्ड असलेली झिप. पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असतो, माणसाला वाचता येतो, स्कॅनरला नाही. इमोटेट हा व्हायरस पसरवणाऱ्यांनी हे पुष्कळ केलं. इथे दोन काय, दहा इंजिनं लावा, दहाही बाहेर उभी. क्लॅममध्ये कुलूपबंद फाइलींवर इशारा द्यायचे पर्याय आहेत, पण ते तीन आहेत: सगळ्या, फक्त आर्काइव्ह, फक्त डॉक्युमेंट. मी पहिल्यांदा "सगळ्या" चालू केला. महिन्याची पहिली तारीख होती. बँकेची स्टेटमेंटं आणि पगाराच्या स्लिपा, सगळ्या पासवर्डच्या पीडीएफ! एचआरमधून जो फोन आला तो इथे लिहिण्यासारखा नाही. तुम्ही फक्त आर्काइव्हचा चालू करा.

आणि क्लॅमला बाहेरच्या लोकांच्या जादा सह्या जोडता येतात, सेनसिक्युरिटीच्या वगैरे. त्यात फिशिंग आणि स्पॅमच्याही असतात. त्यांचा शब्द व्हायरसइतका पक्का धरू नका. अमाविसमध्ये अशा नावांना स्पॅमचे गुण देता येतात, थेट अडवायच्या ऐवजी. आरस्पॅमडीवर (स्पॅम गाळणारा दुसरा प्रोग्रॅम) गेलात तर हे सोपं पडतं, पण आत्ता नको, आधी हे घर सावरा.

---

भजीपाव

मान्य, मी गप्प. पण रॅम तरी वाढवा हो, ८ जीबीत दोन कुत्रे?

---

न्हावाशेवा_नाइटशिफ्ट

मंडळी, बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा. मध्ये सर्व्हरची रॅम यायलाच पाच दिवस लागले.

काका, पैज जिंकलात. राखणदार चालूच होता. आता मेलच्या फोल्डरांना सूट दिलीय, डोंबिवलीच्या ताईंनी सांगितलेल्या कोठडीसकट. तिथे बघितलं तर खरंच त्या सोमवारचे सात मेल फोल्डरात नव्हते, राखणदाराने नेले होते. कमांडलाइनची ओळ काढली. विकणाऱ्याला फोन केला, म्हणाला डीमन (सतत चालू राहणारा प्रकार) आहे की, मॅन्युअलमध्ये दिलंय. होतं. इंजिन कुणाचं विचारल्यावर मात्र तो जरा थांबला आणि "मेलवर कळवतो" म्हणाला. कळवलं. भाड्याचंच आहे, पण निदान क्लॅमचं नाही.

अमाविसची मुलं दहावरून चारवर आणली, पोस्टफिक्सच्या बाजूचा आकडाही चार केला. दोन आकडे जुळायला हवेत हे मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं एकीकडे दहा आणि दुसरीकडे वीस होते. रॅम १६ जीबी. राखीव यादीतला क्लॅमस्कॅन काढून टाकला. गेल्या सोमवारी साडेनऊ ते अकरा मी रांगेसमोर बसून होतो. जास्तीत जास्त २३ मेल दिसले, चहा येईपर्यंत शून्य.

आयकारची क्रॉन लावली. तिसऱ्याच रात्री मेसेज आला की नव्या स्कॅनरने उत्तर दिलं नाही. लायसन्सची की ट्रायलचीच राहिली होती, मुदत संपली होती. मेलला काहीच झालं नव्हतं, क्लॅम एकटा ओढत होता. काका, तुम्ही म्हणालात महिनोन्‌महिने कळत नाही, मला रात्री २:१० ला कळलं.

शेठना तास आणि दोन दिवसांचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "मग अडव. पण कट-ऑफच्या दिवशी मला आधी फोन कर." ठीक आहे.

कस्टमरच्या फॉर्मवर "हो, दोन इंजिनं" लिहून पाठवलं. अडवलेल्या फाइलींच्या यादीसाठी त्यावर रकानाच नव्हता, शेवटी "इतर माहिती"त लिहिलं.

काल यादीत पहिली आयएसओ अडकली. मी धावत कोठडीत बघायला गेलो. आमच्या कागद स्कॅन करायच्या मशीनवाल्याने पाठवलेली ड्रायव्हरची सीडी निघाली. त्याला म्हटलं, पेनड्राइव्हवर आणून दे. तो म्हणतो, "पेनड्राइव्ह? त्याने व्हायरस येतो ना हो."